पावसाळ्यात हॉल रोड चिखलात चाललाय, मुरूम टाकून टाकून थकलो

वणीचा_सिव्हिलवाला
नमस्कार मंडळी. वणी भागातल्या एका ओपनकास्ट (उघड्या) कोळसा खाणीवर ठेकेदाराकडे लागलोय, हा माझा पहिलाच पावसाळा. फेसपासून (जिथे खोदकाम चालतं) डंपपर्यंत (जिथे काढलेली माती टाकतात) दीडेक किलोमीटरचा हॉल रोड, म्हणजे डंपरांच्या ने-आणीचा रस्ता आहे, त्यातला मधला ३०० मीटरचा पट्टा काळ्या मातीवरून जातो आणि सगळा घोळ तिथेच आहे. ६० टनी डंपर चालतात. रात्री मुरूम टाकतो, डोझर फिरवतो, सकाळी रोड एकदम छान दिसतो आणि दुपारपर्यंत परत फूटभर चाकोऱ्या. पंधरा दिवसांत शंभरावर टिपर मुरूम ओतला, कुठे जातो तेच कळेना. परवा भरलेला डंपर एका बाजूने खचला, ऑपरेटर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, ते पाहिल्यापासून मला नीट झोप नाही. वरचे म्हणतात अजून मुरूम टाक. तेवढंच करायचं का?

जुना_ओव्हरमन_चंद्रपूर
भाऊ, मुरूम कुठंच गेला नाही, तुमच्या रोडच्या पोटात आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, वरून शंभर टनांचं धूड गेलं की चिखल दाबून वर येतो आणि मुरूम खाली जातो. चिखलावर मुरूम टाकणं आधी बंद करा.

पहिलं काम पाण्याचं. पाऊस चालू असताना तो पट्टा पायी चाला, गाडीतून नाही. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं ते डोळ्यानं पाहा. आमच्या खाणीत असंच व्हायचं, शेवटी सापडलं की कडेचा बर्मच (मातीचा बांध) पाणी अडवून ठेवत होता, रोड म्हणजे टाकं झालं होतं. बर्म तर पाहिजेच, निदान डंपरच्या चाकाच्या उंचीएवढा, त्यात तडजोड नको, पण ठरावीक अंतरावर त्याला चाकापेक्षा अरुंद खाचा ठेवा आणि पलीकडं नाली काढा. नाली भरली की त्याच दिवशी उपसा. रोडला मधून कडेला १०० ला २-३ उतार द्या.

मग दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की एक बाजू बंद करून पोकलेननं चिखल पार कडक जमीन लागेपर्यंत काढा. त्यात ओबीतले (कोळशावरच्या काढलेल्या माती-दगडातले) मोठे बोल्डर भरा, डोझरनं चेपा, वर बारीक दगड, मग मुरूम २०-२५ सेंटिमीटरच्या थरानं, प्रत्येक थरावर रोलर. दगड निवडून घ्या, आपल्याकडचा मऊ वालुकाश्म चाकाखाली लवकर रेती होतो. अर्धी बाजू झाली की ट्रॅफिक तिकडं वळवून दुसरी. अर्ध्या रुंदीत दोन डंपर समोरासमोर घालू नका, दोन्ही टोकांना माणूस उभा करा.

ग्रेडर_ऑपरेटर
ओव्हरमनसाहेबांचं सगळं बरोबर. माझं एकच, चाकोरीत सुटी माती भरून वरून पातं फिरवतात ते करू नका, पहिल्या सरीत ती परत निघते. चाकोरीच्या तळापर्यंत खरवडायचं, मग पसरवून दाबायचं. आणि डंपरमधून सांडलेले दगड दर शिफ्टला उचलायला लावा, ओल्या रबराला दगड लवकर कापतो आणि या गाड्यांच्या एका टायरची किंमत लाखांत आहे. उन्हाळ्यात टँकरवाल्याला पण सांगून ठेवा, रॅम्पवर सरसकट पाणी मारायचं नाही, थोडं मारायचं थोडं कोरडं सोडायचं, नाहीतर उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक धरत नाहीत. मी एक गाडी आडवी होताना समोरून पाहिलीय.

सांखळीकर
मी गोव्यातला, लोहखनिजावर काम केलंय. आमच्याकडे पावसाळ्यात ने-आण थांबायची म्हणून गटारं आणि साचवणीचे खड्डे मे महिन्यातच साफ व्हायचे, कारण रोडवरचं लाल पाणी थेट खालच्या भातशेतीत उतरतं आणि ते शेत मग कित्येक हंगाम सुधारत नाही. तुमचीही नाली कुणाच्या शेतात सोडू नका, आधी खड्ड्यात थांबवा.

आणि वरच्यांना पटवायला हा हिशेब दाखवा. चाक १ सेंटिमीटर रुतलं की ढोबळमानाने ०.६ टक्के चढ वाढल्यासारखं होतं. १० सेंटिमीटर रुतलं म्हणजे ६ टक्के, म्हणजे जवळपास १६ ला १ चा चढ, हॉल रोडला साधारण कमाल एवढाच चढ देतात. म्हणजे तुमचा डंपर सपाट रोडवर दिवसभर घाट चढतोय. डिझेल आणि ट्रिपा यांच्या भाषेत बोला, मुरमाचं बिल त्यापुढे छोटं आहे.

वणीचा_सिव्हिलवाला
मंडळी, मनापासून आभार. काल पावसात छत्री घेऊन चाललो. ओव्हरमनसाहेब, अगदी तुम्ही म्हणता तेच, वरच्या बेंचचं (खाणीतल्या पायरीचं) पाणी एका जुन्या नालीतून येतं, ती नाली मुरमाखाली बुजलीय, बहुतेक आमच्याच टिपरने बुजवली. बर्मच्या आत घोट्याएवढं पाणी उभं होतं. आज सहा खाचा केल्या आणि नाली मोकळी केली, खड्ड्याला जागाही बघून ठेवली. डिझेलचा हिशेब मॅनेजरांसमोर ठेवला तर त्यांनी तीन दिवसांसाठी पोकलेन दिलाय, उघडीप मिळाली की डावी बाजू उघडतो. तो ऑपरेटर आज परत त्याच पट्ट्यावरून गेला, जाताना थांबून विचारलं, साहेब आता खाली काय टाकणार? बोल्डर म्हटलं.