जुन्या रेकॉर्डची खरखर काढावी का? माझं मत : नको!

तार_षड्ज
मी माझी गाणी स्वतःच करतो, कुठल्या कंपनीशी बांधलेला नाही, आणि जुनं काही भारी सापडलं की चार जणांना ऐकवल्याशिवाय चैन पडत नाही. सध्या शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वेड लागलंय. 'पिया बिन नाही आवत चैन', झिंझोटी रागातली ठुमरी, रेकॉर्डच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या एका बाजूत केवढा जीव ओतलाय माणसाने! त्याची एक खरखरीसकट कॉपी मिळाली आणि एक कोणीतरी 'क्लीन' केलेली. क्लीनवाली ऐकून खरंच वाईट वाटलं, तानपुरा जवळजवळ गायब, 'स' 'श' बोथट, आणि लांबवलेला स्वर विरत जातो ते शेवटचं टोक कापल्यासारखं. खरखर वरपासून खालपर्यंत सगळीकडे पसरलेली असते, ती उपसून काढताना तिच्यात मिसळलेला बारीक आवाजही जातो. तेव्हा प्लीज, आहे तसं ऐकवा.

मुलुंडकर_आई
अजिबात पटलं नाही. माझ्या मुलीला मूळ रेकॉर्ड लावून दिली तर 'आई, पाऊस पडतोय का यात' म्हणून बंद केली. क्लीन केलेली मात्र पूर्ण ऐकली आणि मग स्वतःहून खाँसाहेबांचीच 'जमुना के तीर' शोधून काढली. तुमचा कान तयार आहे दादा, तिचा नाहीये, तिने सुरुवात कुठून करायची?

गदगी_सूर
ताई, भीमसेनजींनी लहानपणी खाँसाहेबांच्या रेकॉर्डच ऐकल्या ना, आणि ११व्या वर्षी घर सोडून गुरू शोधायला निघाले. खरखर आडवी आली का? मी तार_षड्जच्या बाजूने.

लाखेची_तबकडी
अहो पण तेव्हा ती रेकॉर्ड नवी होती! आज आपण जे ऐकतो त्यात कित्येक वर्षं स्टीलच्या सुया घासल्याचे ओरखडे आहेत, कोणाच्या माळ्यावरची धूळ आहे. ती झीज आहे, खाँसाहेबांचं गाणं नाही. झिजलेल्या तबकडीलाच 'मूळ' म्हणून जपायचं हे मला कळत नाही.

तार_षड्ज
@लाखेची_तबकडी टकटक, खटके काढा की, त्याला माझी ना नाही. पण सतत जी 'स्स्स' येते ती फक्त झीज नाही. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची पूड मिसळलेली असायची, त्यामुळे कोरी रेकॉर्डसुद्धा थोडी खरखरायचीच, लोकांनी ती तशीच ऐकली. आणि दुरुस्त करायचंच असेल तर आधी स्पीड बघा! मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जागी ८२-८३ ने फिरवली की गाणं जवळपास अर्धा स्वर वर चढतं, गळ्याचा पोतच बदलतो. खरखर काढणारे उदंड, स्पीड तपासणारा क्वचित.

मिरज_वाडा
स्पीडचं बोललात ते शंभर टक्के खरं, पण तपासणार कसं? खाँसाहेबांची पट्टी (गाण्याचा आधार 'सा') मुळातच चढी. ऐकणारा म्हणतो फास्ट लावलीय, आणि खाली ओढून सगळा जोर घालवून टाकतो. नाट्यसंगीतात ऑर्गनची साथ असली तर त्याच्या ठरलेल्या सुरांवरून निदान अंदाज येतो, इथे अंदाजानेच सगळं. म्हणून मी म्हणतो स्पीडलाही हात लावू नका, आणि लावलात तर किती बदललात ते शेजारी लिहा.

तार_षड्ज
काका, लिहायलाच हवं, मान्य. पण चुकीच्या स्पीडची कॉपी तशीच फिरू द्यायची हे नाही पटत. नवीन शिकणारी मुलं त्याच पट्टीत गळा ताणत बसतात.

मुलुंडकर_आई
तुम्ही दोघं पट्टीवर भांडताय, पण माझा मुद्दा तसाच राहिला. ज्याला अजून गोडीच लागली नाही त्याला आधी स्वच्छच द्या. मी तरी पुढच्या वेळी मुलीला गायिका हिराबाई बडोदेकरांच्या रेकॉर्ड क्लीन केलेल्याच लावणार आहे, तिने मागितली तर खरखरवाली पाठवा.

लाखेची_तबकडी
+१ ताई. आणि तार_षड्ज, खटके तेवढे काढून 'स्स्स' ठेवलेली झिंझोटी तुम्हीच करून इथे टाका ना, तिन्ही शेजारी शेजारी लावून ऐकू. माझं मत बदलेल असं वाटत नाही, पण ऐकायचं नक्की आहे.