अनुभव धागा: ऑफिसच्या कार्यक्रमाला इव्हेंटवाला कसा निवडलात?

गोरेगावकरीण
काल रात्री गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्राच्या गेटबाहेर टेम्पोंची रांग लागली होती. लाकडी चौकटी, फ्लेक्सच्या गुंडाळ्या आणि त्यावर गाढ झोपलेली पोरं. एकदम आमची डीलर मीट आठवली.

मी तेव्हा अंधेरीला पंपांच्या कंपनीत अ‍ॅडमिनला. साहेब म्हणाले, तीन कोटेशन घे. पहिला लॅपटॉप घेऊन आला. झुंबरं, धूर, स्टेजवर उघडणारं कमळ. दुसऱ्या बाईंचं प्रत्येक गोष्टीला "हो जायेगा मॅडम". तिसरे गृहस्थ वही घेऊन आले आणि विचारत सुटले. हॉल कितव्या मजल्यावर? मालाची लिफ्ट आहे का? हॉल आदल्या रात्री ताब्यात मिळणार की सकाळी सातला? सांगली-कोल्हापूरचे डीलर रात्रीच्या गाडीने येणार, मग अंघोळीची सोय कुठे? हे आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. नंतर हॉलवर जाऊन त्यांनी लिफ्टच्या दाराला टेप लावला, कारण आमचा मोठा पंप स्टेजवर ठेवायचा होता. उभा मावत नव्हता, आडवा मावत होता. साहेबांचा जीव झुंबरांत अडकलेला, पण मी वहीवाल्यांसाठी हटून बसले. स्वस्त नव्हते हां ते.

तुमचे किस्से येऊ द्या.

तिखटमीठ
कमळ उघडलं की आत काय होतं ते सांग ना 😂

गोरेगावकरीण
आमचे एमडी!!

वाशीचा_बाळ्या
आमच्याकडे उलट झालं. मीटिंगला गोड बोलणारे मालक, कार्यक्रमाला भलताच पोरगा. त्याला आमच्या कंपनीचं नावही नीट येईना. मालक कुठे? तर त्याच दिवशी त्यांचं पुण्याला लग्न होतं. म्हणजे त्यांचं नाही, त्यांनी घेतलेलं. डिसेंबरातला मुहूर्त, दुसरं काय. तेव्हापासून मी आधी एवढंच विचारतो, त्या दिवशी हॉलवर स्वतः कोण उभं राहणार? त्या माणसाला आत्ता भेटवा.

पडद्यामागचा
मी याच धंद्यात आहे म्हणून जरा लांबण लावतो. कोटेशनांत लाखाचा फरक दिसतो तेव्हा बहुतेक वेळा स्वस्तवाल्याने काहीतरी लिहिलेलंच नसतं. जनरेटर आहे का? हॉल रात्री उशिरा सोडला तर जादा तासांचे पैसे कोण देणार? कामगारांचं जेवण? रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स कुणी काढायचं? लॉनवर कार्यक्रम असेल तर रात्री 10 ला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, सरकारने जाहीर केलेले सणांचे मोजके दिवस सोडले तर एरवी सूट नाही. बंद हॉलची गोष्ट वेगळी. क्लायंट म्हणतात, "साडेदहापर्यंत चालतं हो." पोलीस आले की मग माझ्याकडे बघतात.

आणि प्लेटचं. तुम्ही तीनशेची गॅरंटी दिलीत आणि दोनशे माणसं आली तरी पैसे तीनशेचेच. हा आकडा अंतिम कधी करायचा ते लिहून घ्या. आमच्यातले काही जण मुद्दाम विचारत नाहीत.

खाऊगल्ली
प्लेटवरून आठवलं, नरिमन पॉईंटला एका सेमिनारला कोथिंबीर वडी होती, अशी खुसखुशीत की लोक व्याख्यान सोडून बाहेर. विषय काय होता विचाराल तर शपथ आठवत नाही.

हिशेबनीस
@पडद्यामागचा, बिलाचंही सांगा की. एकच आकडा लिहून 18 टक्के जीएसटी लावलेलं बिल आलं की आमचं डोकं फिरतं. सजावट, साऊंड, जेवण वेगवेगळं दाखवायला सांगा. जेवणावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (म्हणजे भरलेला कर आपल्या करातून वजा करणं) सहसा मिळत नाही, बाकीच्याचं मिळू शकतं. बाकी सविस्तर रात्री लिहिते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

डोंबिवली_फास्ट_नाही
रविवारी कार्यक्रम ठेवणाऱ्या प्लॅनरला माझा कोपरापासून नमस्कार. मेगाब्लॉक! उद्घाटनाला समई पेटली तेव्हा आमचं अर्ध सेल्स डिपार्टमेंट ठाणे स्टेशनवर. मुंबईत काम करणाऱ्याला रविवारचं वेळापत्रक बघायला सांगावं लागतं??

वाशीचा_बाळ्या
आमच्या हार्बरला विचारा.

डोंबिवली_फास्ट_नाही
हार्बरवाल्यांनी बोलूच नका, तुम्हाला बसायला मिळतं 😛

साधीमाणसं
आमचा लहानसा मसाल्यांचा धंदा, सासूबाईंनी सुरू केलेला. पंचवीस वर्षं झाली म्हणून दुकानदारांना बोलवायचं होतं. मोठ्या इव्हेंटवाल्यांनी फोनच नीट घेतला नाही. शेवटी दादरच्या आमच्या मंडपवाल्या काकांनाच सांगितलं. त्यांनी कधी "कॉर्पोरेट" केलं नव्हतं, पण माईक बंद पडला तेव्हा दुसरा त्यांच्या हातात तयार होता. सासूबाई बोलताना रडल्या, तोपर्यंत काका मागे उभे राहून पंख्याचा आवाज कमी करायला सांगत होते. एवढं लक्ष पैसे देऊन मिळेलच असं नाही.

गोरेगावकरीण
किती छान गं. सासूबाईंना नमस्कार सांग. गोडा मसाला कुरियर करता का?

साधीमाणसं
हो ताई, मेसेज कर.

नवखा_एचआर
मला खरंच मदत हवीय. सप्टेंबरात कार्यक्रम आहे, बजेट तुटपुंजं. बॉसना बीकेसीच (वांद्रे-कुर्ला संकुल) पाहिजे.

पडद्यामागचा
पितृपक्षातली तारीख चालेल का विचारा. लग्नं नसतात, हॉल रिकामे असतात, दर बोलता येतात. बॉसना चालत नसेल तर तुमची तारीख ठेवा आणि बीकेसी सोडा. आणि मागच्या दोन क्लायंटचे नंबर मागून स्वतः फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बघून ठरवू नका.

नवखा_एचआर
बॉसच्या आई म्हणाल्या पितृपक्षात नको. बॉसच्या आईला कोण समजावणार?

तिखटमीठ
त्यांना कमळात बसवा.