‘वॉचटॉवर’ कोणाचं? लिहिणाऱ्याचं की गाजवणाऱ्याचं?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

परवा भाच्याच्या बँडची तालीम ऐकायला गेलो होतो. चार पोरं, एवढीशी खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. भाचा म्हणाला, “मामा, आता हेंड्रिक्सचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’.” मी म्हटलं, “बॉब डिलनचं.” तर तो विचारतो, “हो का? त्यानेपण म्हटलंय?”

त्यानेपण!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा. ज्यांना गाणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकी गायक-गीतकार डिलनने ते लिहिलं आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित केलं. गिटार आणि हार्मोनिका त्याची, बासवर चार्ली मॅककॉय, ड्रमवर केनी बट्री. बस्स. अडीच मिनिटांत खेळ खलास. त्याच वर्षी बीटल्सपासून सगळे स्टुडिओत वाद्यवृंद आणि उलट्या फिरवलेल्या टेपांचा मसाला घालत होते आणि हा बाबा जुन्या लोकगीतासारखा कोरडा अल्बम घेऊन आला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अल्बम बाहेर पडला आणि महिनाही उलटायच्या आत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनच्या स्टुडिओत ते गाणं वाजवायला बसलासुद्धा. पुढे गाजली ती त्याचीच आवृत्ती.

माझं म्हणणं असं की हेंड्रिक्सने गाणं मोठं केलं नाही, मोठ्याने केलं. त्यातली गोष्ट त्या गिटारीखाली दबली. या गाण्याला ध्रुवपद नाही, तीनच कडवी. पहिल्यात विदूषक चोराला म्हणतो, इथून सुटायची काहीतरी वाट असली पाहिजे. दुसऱ्यात चोर त्याची समजूत घालतो. तिसऱ्यात आपण एकदम बाहेर: बुरुजावरून राजपुत्र टेहळणी करताहेत, लांब कुठेतरी रानमांजर गुरगुरतंय, दोन घोडेस्वार जवळ येताहेत आणि वारा घोंघावायला लागतो. इथे संपतं. म्हणजे संपत नाहीच! ते दोन स्वार कोण? पहिल्या कडव्यातले ते दोघंच असतील, तर शेवट हीच सुरुवात आहे. डिलनने स्वतः १९६८ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की यात घटनांचं चक्र उलट्या क्रमाने फिरतं. आता सांगा, हेंड्रिक्स ऐकताना किती जणांच्या हे लक्षात आलं? सगळे सोलोची वाट बघत बसलेले असतात.

वाहपेडल

चला, आमच्यासारख्यांची झोप उडवायची सोय झाली.

मामा, ‘मोठ्याने केलं’ हे वाक्य मागे घ्या. त्या चार मिनिटांत काय काय आहे ते बघा. बारा तारांची अकूस्टिक डेव्ह मेसनने वाजवली आहे, आणि गाण्याला खरा धक्का तीच देते, इलेक्ट्रिक नव्हे. बँडचा बासवाला नोएल रेडिंग वैतागून निघून गेला, तर बासही हेंड्रिक्सनेच वाजवला. रोलिंग स्टोन्स बँडचा ब्रायन जोन्स तिथे आलेला. पियानोवर त्याचं जमेना, म्हणून त्याच्या हातात तालवाद्य दिलं. सुरुवातीला जो खर्रर्र असा दात वाजल्यासारखा आवाज येतो ना, तो. नंतर सगळ्या टेपा न्यूयॉर्कला नेल्या आणि तिथे महिनोन् महिने थरांवर थर चढवले. घाईत केलेला गोंगाट म्हणतात तो हा नव्हे.

आणि मधला सोलो! त्याचे चार तुकडे आहेत आणि चारही वेगळ्या आवाजात. आधी सरळ गिटार, मग स्लाइडचं घरंगळणं, मग पायाने दाबायच्या वाह पेडलवर बोलल्यासारखी, आणि शेवटी नुसत्या कॉर्डचं (एकत्र छेडलेल्या सुरांचं) झांजेसारखं वाजणं. कॉर्ड तीनच, त्याच घाटात वर-खाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डिलनकडेही त्याच. त्या तीन कॉर्डवर एवढं घर बांधणं म्हणजे काय, ते ज्याने कधी गिटार हातात धरली आहे त्याला विचारा.

राहता राहिली गोष्ट. शेवटी वारा घोंघावतो असे शब्द आहेत. डिलन ते सांगतो. हेंड्रिक्सकडे तो घोंघावतो. शेवटचे सूर ऐका, तार ओढून ओढून वर नेली आहे. मला तरी अंगावर काटा येतो.

चहाटळ

अंड्यांच्या ट्रेने आवाज थांबत नाही हे त्या पोरांना कोणीतरी सांगा. शेजाऱ्यांच्या वतीने विनंती. बाकी चालू द्या.

रुखवत

मला हा वादच गमतीचा वाटतो. आपल्याकडे एकच बंदिश दहा घराण्यांचे दहा गवई गातात. कोणी विलंबितात खुलवतो, कोणी मध्य लयीत उडवून लावतो. तिथे कोणी विचारत नाही की ‘मूळ’ कोणाची. जो रंगवेल त्याची. अभंगाचंही तेच, शब्द तुकोबांचे आणि चाली गावोगावच्या. डिलनने बंदिश बांधली, हेंड्रिक्सने गायली. दोघंही आपापल्या जागी थोर. मामा आणि भाचा एकत्र बसून दोन्ही ऐका, भांडण कशाला?

खर्ज

रुखवतताई, उपमा गोड आहे पण लागू पडत नाही. बंदिशीचं मूळ ध्वनिमुद्रण नसतं. ती गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात येते आणि येतानाच बदलते. रॉकच्या दुनियेत पहिल्यांदा येते ती तबकडी. ती गोठलेली असते. लोक ज्यावर प्रेम करतात ते गाणं म्हणजे शब्द आणि चाल इतकंच नसतं, तो विशिष्ट आवाज, ती विशिष्ट खोली, तो श्वास. म्हणून तर दुसऱ्याचं गाणं पुन्हा म्हटलं की ‘कव्हर’ असा वेगळा शब्द लागतो. आपल्याकडे बंदिश गाणाऱ्याला कोणी ‘कव्हर गायक’ म्हणेल का?

मी डिलनच्या बाजूचा, पण सुतारपक्ष्यांपेक्षा वेगळ्या कारणाने. त्या मूळ मुद्रणात एक अवघडलेपण आहे. काहीतरी घडणार आहे आणि आपण ते नुसतं बघत बसलोय. बायबलमधल्या यशयाच्या एकविसाव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. बुरुजावर पहारेकरी उभा आहे, त्याला घोडेस्वारांची जोडी येताना दिसते आणि मग कळतं की बाबेल नगरी पडली. डिलन पडण्याच्या आधी थांबतो. हेंड्रिक्सकडे पहिल्या ठोक्यालाच बाबेल पडलेली असते. मग बुरुजावर उभं राहून वाट कशाची बघायची?

वाहपेडल

@खर्ज, हा मुद्दा आवडला, चरफडत कबूल करतो. पण १९६८ साल डोळ्यांपुढे आणा की जरा. व्हिएतनाम, मार्टिन ल्यूथर किंगचा खून, शहरं पेटलेली. हेंड्रिक्सचा अल्बम बाहेर आला ऑक्टोबरात. तोवर ‘काहीतरी घडणार आहे’ म्हणायची वेळ निघून गेली होती.

कलमबहाद्दर

‘गाणं कोणाचं’ या प्रश्नाला कायद्याचंही उत्तर आहे, ते इथे कोणी देत नाहीये.

अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून तरतूद आहे की एखादं गाणं एकदा रीतसर ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की दुसरा कोणीही ठरलेले पैसे भरून ते पुन्हा मुद्रित करू शकतो. परवानगी मागत बसायला नको. म्हणून तर हेंड्रिक्सला इतक्या लगेच हात घालता आला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कव्हर आवृत्तीचं वेगळं कलम आलं. हक्कदाराची थेट परवानगी नसेल, तर पहिलं मुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्द-चाल बदलायची नाही. आता हिशेब करा. हाच नियम तेव्हा तिथे असता, तर हेंड्रिक्सला १९७३ उजाडेपर्यंत थांबावं लागलं असतं. तो गेला सप्टेंबर १९७० मध्ये.

दुसरं: अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं तर पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला नाही. म्हणजे इतकी वर्षं हेंड्रिक्सची गिटार वाजली की मानधन डिलनच्या खात्यात. आणि २०२० मध्ये डिलनने आपल्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकून टाकले. तेव्हा मामा आणि वाहपेडल, कागदोपत्री ते गाणं तुम्हा दोघांच्याही माणसाचं नाही. (हलकेच घ्या.)

सुतारपक्षी

@कलमबहाद्दर, पाच वर्षांचा नियम फार वाईट नाही असं आता वाटायला लागलंय. :)

@रुखवत, ‘दोघंही थोर’ म्हणून मांडवली करू नका हो, मग धागा काढला कशाला?

@वाहपेडल, वारा घोंघावण्याचा मुद्दा घेतला. पण तेच मला खटकतं. वारा म्हटलं की वारा वाजवायचा, हे बालनाट्यात ठीक. डिलन सपाट आवाजात सांगतो, म्हणून वारा माझ्या डोक्यात सुटतो.

शिवाय हेंड्रिक्सने दार उघडून दिलं आणि मग आत कोणकोण शिरलं ते बघा. यू टू या आयरिश मंडळींनी १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फुकट कार्यक्रमात हे गाणं घेतलं आणि त्यांचा गायक बोनो याने मधे स्वतःची ओळ घुसडली, आपल्याकडे फक्त लाल गिटार, तीन कॉर्ड आणि सत्य आहे म्हणून. अरे, चोर-विदूषकाच्या संवादात तुझी गिटार कुठून आली? ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ हेही उसनंच, कंट्री संगीताबद्दल गीतकार हार्लन हॉवर्डच्या नावावर असलेलं वाक्य. त्यात त्याच कार्यक्रमात साहेबांनी चौकातल्या कारंज्यावर रंगाचा फवारा मारला, त्याची वेगळीच बोंब झाली.

चहाटळ

बोनोच्या बाबतीत सर्वपक्षीय ठराव मंजूर. पुढचा विषय घ्या.

बोस्टनकर

उशिरा येतोय. एक गोष्ट कोणीच बोलली नाही याचं आश्चर्य वाटलं: खुद्द डिलनला काय वाटतं?

हे गाणं तो मंचावर पहिल्यांदा गायला १९७४ च्या दौऱ्यात, ‘द बँड’ याच नावाच्या बँडबरोबर. आणि गायला कसं? इलेक्ट्रिक, जोरकस, सरळसरळ हेंड्रिक्सच्या वाटेने. पुढे आपल्या गाण्यांच्या १९८५ च्या संग्रहाच्या टिपणांत त्याने लिहून ठेवलंय की हेंड्रिक्सची आवृत्ती मला आवडली, तो गेल्यापासून मी ते त्याच्याच पद्धतीने करतोय, आणि गाताना ती त्याला वाहिलेली आदरांजली आहे असं वाटतं. डिलनने सगळ्यात जास्त वेळा मंचावर गायलेलं गाणं हेच आहे, दोन हजारांहून अधिक वेळा. म्हणजे मामा ज्या मुद्रणासाठी तलवार उपसून उभे आहेत, तसं ते गाणं मुद्रणाबाहेर फारसं जगलंच नाही. कर्त्यानेच सोडून दिलं.

मी डिलनला इकडे एकदा प्रत्यक्ष ऐकलंय. दुसरं कडवं सुरू होईपर्यंत मला गाणं कोणतं तेच कळलं नव्हतं. शेजारचे एक आजोबा माझ्याकडे बघून नुसते हसले.

खर्ज

बोस्टनकर, त्या मैफलींत तो आणखी एक गंमत करायचा, ती तुमच्या नजरेतून सुटली. तिसरं कडवं झालं की बऱ्याचदा तो पहिलं कडवं पुन्हा म्हणून गाणं संपवायचा. म्हणजे आवाज हेंड्रिक्सचा घेतला, पण चक्र आपलं पूर्ण केलं. स्वार आले आणि पुन्हा बोलायला लागले, इथून सुटायची काहीतरी वाट असली पाहिजे. सुतारपक्षी म्हणतात ती गोष्ट दबली नव्हती, त्याने ती उलट आणखी ठळक केली.

अवांतर: २००७ मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अंतराळातल्या मालिकेत संगीतकार बेअर मॅक्रिअरीने हेच गाणं इलेक्ट्रिक सितार वगैरे घालून केलंय. चार माणसांना भिंतींतून ती धून ऐकू येते आणि आपण खरे कोण हे त्यांना उमगतं. ते कथेत इतकं चपखल बसलंय की नंतरच्या कव्हरांत मी ते सगळ्यात वर ठेवेन.

रुखवत

बघा, कर्त्यानेच दुसऱ्याची गायकी उचलली! मी काय वेगळं म्हणत होते? बंदिश बांधणाराही कधीकधी शिष्याकडून शिकतो.

खर्ज

इतकंच की हेंड्रिक्स शिष्य नव्हता. पण असो, अर्धा गुण तुमचा.

सुतारपक्षी

बोस्टनकरांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. तरी माझं मत तेच. कर्त्याने स्वतःची गोष्ट टाकून दिली म्हणून मी का टाकू? आईने जुना पितळी डबा भंगारात काढला तरी आपण तो परत आणतोच ना. पहिलं कडवं शेवटी गाण्याची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. त्या मैफलींची मुद्रणं आज रात्री शोधतो.

काल भाच्याला हेडफोन लावून मूळ गाणं ऐकवलं. डोळे मिटून, मान हलवत, अगदी मनापासून ऐकलं पोराने. हेडफोन काढून म्हणाला, “छान आहे मामा. हा डेमो आहे का?”

वाहपेडल

भाच्याला आमचा दंडवत सांगा. सोलोचे टॅब (कोणती तार कुठे दाबायची त्याच्या खुणा) हवे असतील तर व्यक्तिगत निरोप करा, चारही तुकडे लिहून ठेवले आहेत.