मदत हवी आहे: कोरियात ऑफिसच्या ह्वेशिकला न पिता कसं बसावं?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा मिरजेचा, दीड वर्षापासून कोरियात सोलजवळच्या पांग्योला नोकरी करतो. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत आहेत. प्रश्न 'ह्वेशिक'चा आहे. ऑफिस सुटल्यावर अख्ख्या टीमने मिळून जेवायचं आणि प्यायचं, ते ह्वेशिक. आमच्याकडे महिन्यातून दोन-तीनदा, बहुतेक गुरुवारी असतं. पहिली फेरी मांस भाजून खायच्या हॉटेलात, दुसरी बिअरच्या ठिकाणी, तिसरी नोरेबांगमध्ये, म्हणजे खोली भाड्याने घेऊन गाणी म्हणायची. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची मेट्रो जाते, मग टॅक्सी.

सोजू ही इथली दारू. तिची हिरवी बाटली ३६० मिलिलिटरची, त्यात साधारण १६ टक्के अल्कोहोल, आणि एका बाटलीत सातेक छोटे ग्लास भरतात. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजारच्याने भरायचा. वरिष्ठ ओतत असतील तर दोन्ही हातांनी ग्लास धरायचा, पिताना मान बाजूला वळवायची. ग्लास रिकामा दिसला की कुणीतरी भरतंच. शिवाय बिअरमध्ये सोजू ओतून केलेलं सोमेक असतं, ते गोडसर लागतं आणि कळायच्या आत पोटात जातं. मी भारतात वर्षातून चार-पाचदा बिअर घेणारा माणूस. इथे किती घेतली हे मोजणंच सुटलं.

सप्टेंबरच्या आरोग्य तपासणीत लिव्हरचं एसजीपीटी १२६ आलं, म्हणजे बरंच जास्त, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने थेंबही नको. मी छत्तीस वर्षांचा आहे. रिपोर्ट हातात घेऊन बसस्टॉपवर बराच वेळ बसून होतो.

बायको म्हणते, सरळ नाही म्हणून सांग, त्यात काय एवढं. तिचं बरोबर आहे. पण अडचण सांगतो.

आमचे टीम लीड, त्यांना आम्ही 'तीमजांगनिम' म्हणतो, पन्नाशीचे आहेत. मी डुकराचं मांस खात नाही हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. भाजायचा तवा तिरका असतो, चरबी खालच्या बाजूला ओघळते आणि तिथे किमची, म्हणजे मसाल्यात आंबवलेला कोबी, परततात. तेव्हापासून दर वेळी ते माझ्यासाठी अळंबी मागवतात, कात्रीने कापतात आणि तव्याच्या अगदी वरच्या टोकाला लावतात, चरबी लागू नये म्हणून. भाजून झाली की स्वतःच्या चिमट्याने माझ्या ताटलीत ठेवतात. गेल्या फेब्रुवारीत मुलीला तापात झटके आले, तेव्हा रात्री दीड वाजता त्यांनाच फोन केला. वीस मिनिटांत गाडी घेऊन दारात. इमर्जन्सीत डॉक्टरांशी तेच बोलले, सकाळपर्यंत थांबले.

या माणसाने पुढे केलेला ग्लास मी कोणत्या तोंडाने नाकारू? मला त्या टेबलावरून उठायचं नाहीये. ऑफिसात दिवसभर कोणी फारसं बोलत नाही. कोणाची आई आजारी आहे, कोणाला नोकरी सोडायची आहे, हे सगळं मला तिथेच कळलं.

डिसेंबरात वर्षअखेरची मोठी पार्टी आहे. म्हणून विचारतो:

आधी सांगावं की टेबलावर? खरं कारण सांगावं का? एक सहकारी म्हणाला, काढ्याचं औषध चालू आहे म्हण, इथे ते चालतं. पण मला तीमजांगनिमशी खोटं बोलायचं नाही. ग्लास भरूच न देणं वाईट दिसतं का? आणि दुसऱ्या फेरीआधी निघायचं तर कसं?

प्रतिसाद:
मी नऊ वर्षं देजॉनला आहे. दादा, आधीच सांगा, आणि एकट्यात. दुपारच्या जेवणानंतर कॉफीला जाता ना, तेव्हा. वाक्य पाठ करून जा: "गान सुचिगा नोप्के नावास्सॉयो", म्हणजे लिव्हरचे आकडे वाढलेत. हे आकडे इथे चाळिशीच्या प्रत्येक माणसाला माहीत असतात, पुढे समजवावं लागत नाही. सगळ्यांसमोर टेबलावर सांगितलंत तर मात्र ते अवघडतील.

पहिला ग्लास दोन्ही हातांनी घ्या, ओठांना लावा आणि भरलेलाच ठेवा. भरलेल्या ग्लासात कोणी ओतत नाही. नंतर सोजूच्याच ग्लासात 'साइडा' घ्या, तो रंगहीन गोड सोडा असतो. आणि बाटली तुमच्या हातात राहू द्या. इतरांचे ग्लास लक्ष ठेवून भरणारा माणूस टेबलावर सगळ्यांना हवाच असतो.

प्रतिसाद:
ताईचा सल्ला म्हणून घ्या. जुलै २०१९ पासून इथे कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदा आहे, आणि दारूची किंवा ह्वेशिकला येण्याची सक्ती त्यात बसू शकते. तुमच्या बाबतीत ती वेळ येईल असं वाटत नाही, पण माहीत असू द्या. कित्येक ऑफिसांत '११९' पाळतात: एकच प्रकारची दारू, एकच फेरी, नऊपर्यंत घरी. ११९ हा इथला अँब्युलन्सचा नंबर, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतो. निघायचं तर जागा बदलताना निघा, सगळे रस्त्यावर उभे असतात तेव्हा. बसल्यावर उठणं जड जातं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मंगळवारी कॉफीला गेलो आणि वाक्य म्हटलं. तीमजांगनिम जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, हे सप्टेंबरातच सांगायला हवं होतंस. पुढची रक्ततपासणी कधी आहे ते विचारलं आणि स्वतःच्या फोनमध्ये तारीख टाकून ठेवली.

आता एकच राहिलं. वर्षअखेरच्या पार्टीला वरचे डायरेक्टर येणार आहेत, ते प्रत्येक टेबलाशी येऊन स्वतः ओततात. त्यांना यातलं काही माहीत नाही. तिथेही ओठांना लावून ठेवलं तर चालेल ना, की तीमजांगनिमनाच आधी त्यांच्या कानावर घालायला सांगू?