जुन्या गाडीत स्टेअरिंगचं तेल आणि कूलंट नेमकं कोणतं घालायचं?

बाबांचीगाडी:

वडिलांची १९९७ सालची गाडी आता माझ्याकडे आली आहे. जपानी बनावटीची, पेट्रोलवरची, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असलेली, १ लाख ८४ हजार किलोमीटर झालेली. बाबा होते तोवर बॉनेट उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आता मीच उघडते. ही गाडी मला नीट सांभाळायची आहे, म्हणून सविस्तर विचारते.

सकाळी गाडी जागच्या जागी वळवताना स्टेअरिंग कण्हतं. अगदी टोकापर्यंत फिरवलं की आवाज वाढतो. पाच-सात मिनिटं चालवली की बराच कमी होतो. स्टेअरिंगच्या टाकीतलं तेल खालच्या खुणेच्या जरासं वर आहे. रंग काळपट तपकिरी, पण पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर कडेला लालसर वर्तुळ उमटतं. झाकणावरची अक्षरं झिजली आहेत. ओल्या फडक्याने पुसल्यावर ‘डेक्सरॉन’ एवढं वाचता आलं, पुढे दोन उभ्या रेघा आहेत की तीन ते मात्र कळत नाही.

दुसरं कूलंटचं. बाबांच्या वहीत शेवटची नोंद ‘कूलंट बदललं, हिरवं’ अशी आहे, तिला चार वर्षं झाली. नंतर एकदा गॅरेजमध्ये कुणीतरी वरून लाल घातल्याचं ते बोलले होते. आता बाजूच्या बाटलीत गढूळ पाणी आहे आणि तळाशी तपकिरी थर बसलाय. रेडिएटरचा काळा रंग जिथे उडालाय तिथे खाली पिवळा धातू दिसतो.

मी दोन बाटल्या आणून ठेवल्या आहेत. एक ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं स्टेअरिंगचं तेल आणि एक ‘कोणत्याही रंगात मिसळणारं’ कूलंट. दोन्ही सीलबंद आहेत. उघडू का?

लांबचापल्ला:

बिनधास्त उघडा. माझ्या गाडीत दोन वर्षं असलंच सर्वांसाठीचं तेल आहे, काही झालेलं नाही. कूलंटही कमी झालं की वरून घालतो.

जुनापाना:

ताई, अजून उघडू नका. वरच्या प्रतिसादातल्या गाडीला ते तेल चालत असेल, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या गाडीचं दुखणं मला तेलाच्या जातीचं वाटतच नाही. मी २६ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. थंड असताना कण्हणारं आणि गरम झाल्यावर शांत होणारं स्टेअरिंग आलं की मी पहिल्यांदा हवा शोधतो.

टाकीतून पंपाकडे जो जाड रबरी होज जातो, त्यातून पंप तेल ओढतो. २५-३० वर्षांत ते रबर कडक होतं आणि क्लॅम्पखाली बसतं. मग तिथून तेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून खाली डाग नाही, तरी आवाज आहे. इंजिन चालू करून टाकीत टॉर्च मारा. तेलावर बारीक फेस किंवा दुधाळ बुडबुडे दिसले, तर हवा जातेय हे नक्की. दुसरी जागा टाकीच्या तळाची जाळी. तिच्यावर झिजलेल्या रबराचा काळा लगदा बसला की थंड, घट्ट तेल पंपाला पुरेसं मिळत नाही आणि पंप उपाशी राहून कण्हतो. तेल गरम होऊन पातळ झालं की आवाज उतरतो. तुमचं वर्णन या दोन्हींना जुळतं. बेल्ट घसरत असता तर कण्हणं नाही, किंचाळी ऐकू आली असती.

आता तेल. झाकणावर डेक्सरॉन दिसतंय, म्हणजे कंपनीने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, एटीएफ, सांगितलेलं आहे. रेघा दोन असोत वा तीन, तुम्हाला डेक्सरॉन ३ च्या प्रतीचं तेल चालेल, कारण ३ हे २ च्या जागी वापरता येतं. डेक्सरॉन हे मानक जनरल मोटर्सचं. त्यांनी ३ चं लायसन्स देणं बंद करून बरीच वर्षं झाली, त्यामुळे हल्लीच्या बाटल्यांवर ‘डेक्सरॉन ३ साठी योग्य’ अशा अर्थाचा मजकूर असतो. तो पाहून घ्या. डेक्सरॉन ६ त्याहून पातळ आहे. झिजलेल्या जुन्या पंपात मी ते स्वतःहून घालत नाही.

रंगावर जाऊ नका, हे मात्र मी पुन्हा पुन्हा सांगेन. रंग म्हणजे नुसता डाय. एटीएफ लाल असतं, बऱ्याच जर्मन गाड्यांत हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक तेल असतं आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. होंडासारख्या कंपन्या तर एटीएफ न घालता स्वतःचंच स्टेअरिंगचं तेल घालायला सांगतात. रबराची सील ज्या तेलासाठी बनवलेली असतात, त्याच तेलात ती टिकतात. सर्वांसाठीच्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत तेलांची यादी असते. तिच्यात डेक्सरॉन असेल तर ते तेल विष नाही. पण आत काय आहे हे नेमकं ठाऊक असलेलं तेल मिळत असताना मोघम कशाला घ्यायचं?

एक प्रसंग सांगतो, कारण तो मी विसरू शकत नाही. कामाला लागून तिसरं वर्ष होतं. संध्याकाळची घाई होती आणि स्टेअरिंगच्या टाकीत मी ब्रेक ऑइलची बाटली ओतली. झाकण लावताना वास वेगळा आला म्हणून बाटली फिरवून पाहिली. इंजिन सुरू झालेलं नव्हतं, तेव्हाच टाकी काढून सगळं धुतलं असतं तर निभावलं असतं. मी भीतीपोटी कुणाला बोललो नाही, वरवर उपसून तेल भरलं. महिन्याभरात गाडी परत आली. रॅकच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे रबरी बूट आतून तेलाने भरले होते. सील हातात घेतलं तर फुगून मऊ पडलेलं, नखाने चिरलं जात होतं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल त्या रबराला असं खातं. मालकाला पूर्ण रॅक बदलावा लागला आणि कारण मी त्यांना फार उशिरा सांगितलं. तेव्हापासून बाटली ओतण्याआधी मागची बाजू मोठ्याने वाचतो.

तुमच्या जुन्या प्रणालीत तेल एका दमात धुऊन काढू नका. मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून टाकीतलं तेल ओढून घ्या, नवीन भरा, दोन-तीन दिवस चालवा, परत तेच. अशा प्रणालीत साधारण लिटरभर तेल असतं आणि टाकीतून दर वेळी ३०० मिली निघतं असं धरलं, तर सहा वेळा केल्यावर जुनं तेल जेमतेम १२ टक्के उरतं. पहिल्याच वेळी टाकी काढून जाळी धुवा, होज कडक झाला असेल तर नवा घाला, क्लॅम्पही नवे. होज साधा पाण्याचा नको, तेलाला चालणारा हवा. मग पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. पातळी उतरत जाईल तशी भरत राहा. हवा निघते ती इथेच. इंजिन सुरू असताना स्टेअरिंग टोकाला दाबून धरायची सवय असेल तर ती सोडा. तिथे पंप पूर्ण दाबावर अडकतो आणि तेल करपतं.

कूलंटचं उद्या लिहितो, ते घाईने सांगण्यासारखं नाही.

सरळरेषा:

तोवर कूलंटवर मी थोडं लिहिते. हिरव्यात लाल पडलं म्हणजे गाळ होणारच असं नाही. कोणतं हिरवं आणि कोणतं लाल यावर ते ठरतं. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट किंवा फॉस्फेट असतं, ते धातूवर पटकन पातळ थर धरतं आणि साधारण दोन वर्षांत संपतं. सेंद्रिय आम्लांचं कूलंट जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतं, म्हणून ते पाच वर्षं पुरतं. दोन्ही मिसळली की पाच वर्षांची हमी गेलीच, आणि वाईट जोडी जमली तर तपकिरी लगदा तयार होतो. जपानी कंपन्या वॉटर पंपाच्या सीलसाठी सिलिकेट टाळून फॉस्फेट घेतात. युरोपातल्या कंपन्या जड पाण्यामुळे फॉस्फेट टाळतात. म्हणून ‘आशियाई गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं, फॉस्फेट आणि सेंद्रिय आम्लं असलेलं कूलंट तुम्ही घ्यावं असं माझं मत.

आणि हे कृपया मनावर घ्या. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा आणि वापरलेलं तेल-कूलंट गोळा करणाऱ्यांकडे द्या.

जुनापाना:

सरळरेषा यांनी नेमकं सांगितलं. फक्त पिवळ्या धातूमुळे माझं मत किंचित वेगळं आहे. तो पितळ-तांब्याचा रेडिएटर आहे, जोड शिशाच्या सोल्डरचे असणार. निव्वळ सेंद्रिय आम्लांचं कूलंट अशा सोल्डरला फारसं राखत नाही. मी जुन्या पद्धतीचं, फॉस्फेटवालं जपानी हिरवं घेईन आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदलेन. त्यांनी सुचवलेलं फॉस्फेटचं मिश्र कूलंटही चालेल, पण डबीवर तांबं, पितळ आणि सोल्डर यांचा उल्लेख हवा. तुम्ही आणलेलं ‘कोणत्याही रंगात मिसळणारं’ रस्त्यात अडचणीला ठीक आहे. इथे मिसळायचंच नाहीये, सगळं काढायचंय.

इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. हीटरची कळ ‘गरम’वर ठेवा, रेडिएटरच्या खालचा कॉक सोडा. निघालेलं पाणी मोजा. बहुतेक गाड्यांत निम्म्याच्या आसपास निघतं, उरलेलं इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं. डिस्टिल्ड वॉटर भरा, वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडला. थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार फॉस्फेटशी मिळून थर धरतात. साफ करणारं जहाल रसायनही नको. एवढ्या जुन्या पितळेत कधीकधी गाळानेच बारीक भोकं बुजलेली असतात.

आता चूक होते ती जागा. समजा पुस्तिकेत एकूण साडेपाच लिटर लिहिलंय आणि तुम्ही तीन लिटर काढलं. आत अडीच लिटर साधं पाणी आहे. वरून तीन लिटर तयार मिश्रण, म्हणजे अर्धं-अर्धं असलेलं, घातलंत तर आत ग्लायकॉल फक्त २७ टक्के होतं. म्हणून पाणी न मिसळलेलं कूलंट आणा. आधी पावणेतीन लिटर ते ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. बरोबर ५० टक्के. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि चांगल्या झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास उकळतं. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं आणि उणे १३ च्या आसपासच गोठतं.

रेडिएटरचं झाकणही बदला. त्याची स्प्रिंग आणि रबर गेलं की दाब धरत नाही, मग कूलंट कितीही उत्तम असो, उकळी लवकर येते. जुन्यावर छापलेलाच दाब नव्यावर हवा.

बाबांचीगाडी:

तीन आठवडे लागले. टाकीत टॉर्च मारल्यावर फेस दिसला. होज काढायला गेले तर क्लॅम्पच्या जागी रबराला वळ पडलेला, बोटाने वाकवलं तर आतून बारीक भेगा. जाळी अर्धी बुजली होती. होज, क्लॅम्प बदलले, हवा काढली आणि त्याच दिवशी आवाज गेला, तेव्हा नव्या तेलाची पहिलीच सिरिंज झाली होती. आता चौथी झालीय. कागदावरचा थेंब अजून तपकिरी आहे, पण आरपार दिसतो.

कूलंटसाठी चार वेळा पाणी बदलावं लागलं. पहिल्या पाण्यात तपकिरी चोथा आला. माझ्या गाडीचं एकूण ५.२ लिटर आहे आणि कॉकमधून २.८ निघालं, म्हणून २.६ लिटर कूलंट आणि वर पाव लिटरहून थोडं कमी पाणी घातलं. झाकण नवीन, ०.९ बारचं. आणलेल्या दोन्ही बाटल्या परत केल्या. बाबांच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि बाटल्यांच्या मागचा मजकूर उतरवून ठेवला आहे, नुसता रंग नाही.

एकच शंका. पहिल्यांदा चालवली तेव्हा तापमानाचा काटा मध्याच्या जरा वर गेला आणि झटकन खाली आला. नंतर स्थिर. काळजीचं आहे का?

जुनापाना:

नाही ताई. थर्मोस्टॅटखाली हवेचा बुडबुडा अडकला होता, तो निघाला. उद्या सकाळी थंड इंजिनवर झाकण उघडून पातळी बघा, ती थोडी उतरलेली असेल. राखून ठेवलेल्या कूलंटात तेवढंच पाणी मिसळून तेवढी जागा भरा आणि बाजूच्या बाटलीतली पातळी आठवडाभर रोज पाहा. काटा पुन्हा वर गेला किंवा पातळी उतरतच राहिली, तर गाडी न चालवता इथे लिहा.