'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' : सराव पाठांचे अनुभव

खडूवाली

माळा आवरताना माझी टाचण वही, म्हणजे पाठांची आखणी लिहायची वही, सापडली. २०१० सालची. तेव्हा बी.एड. एकाच वर्षाचं होतं, दोन वर्षांचं झालं ते २०१५ पासून. तपकिरी कागदाचं कव्हर, आत पट्टीनं आखलेले रकाने : मुद्दा, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन. अध्यापक कृतीचा रकाना मुंगी शिरणार नाही इतका गच्च. शेजारच्या विद्यार्थी कृतीत मात्र एकच ओळ, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' तिच्याखाली 'विद्यार्थी निरीक्षण करतात', मग पुन्हा 'लक्षपूर्वक ऐकतात', आणि पुढे कंटाळा आल्यावर नुसतं 'वरीलप्रमाणे'. चहा पीत मोजलं. एकवीस पाठांत सत्तेचाळीस वेळा मुलांनी लक्षपूर्वक ऐकलं होतं. प्रत्यक्षात तिसऱ्या बाकावरचा एक जण कंपासपेटीत मुंगळा पाळायचा, ते मला आजही आठवतंय. वहीत त्याची नोंद नाही.

आता आमच्याच शाळेत छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, आंतरवासितेला (प्रत्यक्ष शाळेतल्या सरावाला) येतात. त्यांच्या वह्यांत शब्द नवे आहेत. अध्ययन अनुभव, अध्ययन निष्पत्ती, ज्ञानरचनावादी पाठ. मी उत्सुकतेनं तो रकाना शोधला. तिथे लिहिलं होतं, 'विद्यार्थी गटात चर्चा करतात.' कसली चर्चा करतात, पहिलं कोण बोलतं, चूक बोललं तर पुढे काय, काहीच नाही. मुंगळा अजून पेटीतच.

तर हा धागा त्या रकान्यासाठी. शिकाऊ असताना पाठाचं नियोजन करताना मुलं तुमच्या कागदावर खरोखर कधी आली? फसलेले पाठ आधी सांगा. कॉलेज-शाळांची नावं नकोत.

संत्राबाग

काटोलकडची शाळा, आठवी, 'बल व दाब'. प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल, शिकवायचं होतं. माझं पहिलं टाचण असं : व्याख्या, आर्किमिडीजची गोष्ट, प्रयोग दाखवणे, निष्कर्ष सांगणे. प्रयोगाच्या आधीच निष्कर्ष माझ्या खिशात. मार्गदर्शक मॅडमनी वही परत दिली आणि एवढंच विचारलं, "प्रयोग कुणासाठी आहे? तुम्हाला तर उत्तर माहीत आहे."

रात्री दीड वाजेपर्यंत खाडाखोड केली. सकाळी बादली आणि दोन संत्री घेऊन गेलो, एक सालासकट, एक सोललेलं. आधी अंदाज घेतले. 'कोणतं बुडेल?' हात मोजून आकडे फळ्यावर : सालवालं ३४, सोललेलं ९, दोन्ही ५. कारणही विचारलं. "साल आहे म्हणजे जड, जड ते बुडतं." मग टाकली. सालवालं तरंगलं, सोललेलं तळाशी गेलं. वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांना डोकावून पाहावा लागला इतका.

यानंतर मी 'सालीत हवा असते' हे सांगणार होतो. पण मागून एक मुलगा म्हणाला, "सर, फोफसं असंन ते. आमचे बाबा हातात घेऊनच सांगतात, मोठं दिसते पण वजन नाही भरत." संत्र्याच्या बागेतलाच पोरगा तो. आकार मोठा, वजन कमी. घनता शब्द मी नंतर उच्चारला, कल्पना त्यानं आधीच मांडून ठेवली होती.

निरीक्षणाचा शेरा : 'हेतुकथन चौदाव्या मिनिटाला. वर्ग नियंत्रण सुधारावे.' (हेतुकथन म्हणजे आज काय शिकायचं ते वर्गाला सांगणं.) शेरा खराच होता. पण तेव्हापासून टाचणात मी 'मुलांचे अंदाज' असा रकाना स्वतःच आखतो.

चतकोर

डी.एड., जिल्हा परिषद शाळा, पाचवी, अपूर्णांकांची बेरीज. मुलं १/२ आणि १/४ ची बेरीज २/६ करत होती. वरची वरच्यात, खालची खालच्यात. मी पुठ्ठ्याचा रंगीत पिझ्झा करून नेला होता. पाच तास लागले होते बनवायला! पोरं त्याच्याकडे घड्याळ बघावं तसं बघत बसली. एकीनं विचारलं, "मॅडम, यात काटे कुठंयत?"

दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घ्यायची परवानगी मागितली. (सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे मित्रांसमोर घेतलेल्या काही मिनिटांच्या पाठात, पुनर्अध्यापन असतं, पण सराव पाठात कुणी मागत नाही, म्हणून आमचे सर जरा चक्रावले.) या वेळी भाकऱ्या नेल्या. भाकरी मोडताना मुलांनीच शब्द काढले, अर्धी, चतकोर, आणि एकजण म्हणाला, आमच्यात चतकोराच्या अर्ध्याला नितकोर म्हणतात. म्हणजे १/८ आम्हाला फुकटात मिळाला.

मग मी काहीही न शिकवता त्यांचंच उत्तर फळ्यावर लिहिलं : अर्धी अधिक चतकोर बरोबर २/६. "२/६ म्हणजे किती?" सहा भाग करून दोन उचलले, तर एक तृतीयांश भाकरी. शांतता. मग एक पोरगी एकदम उखडली, "अर्ध्या भाकरीवर अजून चतकोर वाढली तर कमी कशी होईल? कुणी खाल्ली?"

छेद समान करायची गरज त्या वाक्यातून निघाली. मी टाचणात 'समच्छेद करण्याची रीत सांगणे' लिहिलं होतं, ते खोडलं. आता स्वतः शिक्षिका आहे, आणि पाठ आखताना पहिल्यांदा चुकीचं उत्तर लिहिते. मुलं कुठे चुकणार हे माहीत नसेल तर माझी तयारी झालेली नाही, असं मी समजते.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात, डोंगरातली शाळा. मराठीचा पाठ, दिवाळीवरचा उतारा. प्रस्तावनेचे चार प्रश्न आणि त्यांची 'अपेक्षित उत्तरे' घोटून पाठ केली होती. प्रश्न १ : तुमच्या घरी सर्वांत मोठा सण कोणता? अपेक्षित उत्तर : दिवाळी.

"होळी."

परत विचारलं. "होळी." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की मॅडमला ऐकू कमी येतं. त्या भागात होळीच मोठी, तिच्या आधीचा भोंगऱ्या बाजार मोठा, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण टाचण लिहिताना माझ्या डोळ्यासमोर पुण्यातलं माझं घर होतं.

त्यात घरची भाषा पावरी, वर्गात प्रमाण मराठी. मी ज्याला 'प्रतिसाद नाही' म्हणत होते ते मुलांचं मनातल्या मनात भाषांतर चाललेलं होतं. पुढच्या पाठाआधी एका दादाकडून वीसेक पावरी शब्द लिहून घेतले. माझा उच्चार ऐकून वर्ग इतका हसला की मला दुरुस्त करायला चार जण पुढे आले. त्यातला एक आदल्या दहा दिवसांत एकदाही बोलला नव्हता.

मागचा बाक

कबुलीजबाब. आमच्या वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मी त्याच तुकडीला तोच पाठ आदल्या दिवशी शिकवून ठेवला. वर्गात शिरलो, 'बसा' म्हणालो आणि पहिल्या बाकावरचा भाबडेपणानं म्हणाला, "सर, प्रस्तावनेचं आत्ता सांगू का?"

परीक्षक हसले. गुणही दिले बऱ्यापैकी. मला अजून लाज वाटते.

तिरकी रेघ

माझा गटकार्याचा पाठ. इतिहास, नववी, ६२ मुलं, जमिनीला ठोकलेले बाक. पाच गट, पाच चार्ट, स्केचपेन, गटप्रमुख, सादरीकरण, असं सगळं कागदावर देखणं. पस्तीस मिनिटांच्या तासात गट पाडायला अकरा मिनिटं गेली. बारा जणांच्या गटात दोघं लिहितात आणि दहा जण स्केचपेनसाठी भांडतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सादरीकरण घंटेनंतर, व्हरांड्यात.

त्यानंतर मी जोड्यांवर आले. बाक हलत नाहीत, पण पुढच्या बाकावरची मुलं वळून मागे तोंड करू शकतात की. हलवाहलव शून्य, अर्ध्या मिनिटात चौघांचा गट. आधी प्रत्येकानं एकट्यानं दोन ओळी लिहायच्या, मगच बोलायचं. लिहिल्याशिवाय बोलणं सुरू केलं की तेच दोन हुशार बोलतात. आणि प्रश्न एकच, पण भांडता येईल असा. 'अमुक लढाई कधी झाली' यावर गटात काय डोंबल चर्चा होणार?

एक चिडकी टीप : साताऱ्यातल्या कुमठे बीटचं (तिथल्या शाळांच्या गटाचं) काम गाजल्यावर गावोगाव वर्गाच्या फरश्या रंगवल्या गेल्या. तिथे फरशीवर मुलं स्वतः काम करत होती. बऱ्याच ठिकाणी फक्त रंग पोचला.

जुना निरीक्षक

तुम्ही सगळे निरीक्षकांवर घसरण्याआधी मी हात वर करतो. तीसेक वर्षं पाठ पाहिले. शेरेही मारले.

हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावानं चालणाऱ्या पंचपदीला, म्हणजे पाठाच्या ठरावीक पाच पायऱ्यांना, आता सगळे शिव्या देतात. हर्बार्ट वारला १८४१ साली, आणि त्याची पदं कर्मकांड करून टाकली ती त्याच्या शिष्यांनी आणि आमच्यासारख्यांनी. मूळ कल्पना साधी आहे, मुलाच्या डोक्यात आधी जे आहे त्याला नवं जोडा. आता याला विद्यार्थीकेंद्री म्हणायचं नाही तर काय? बिघाड असा की 'पूर्वज्ञान' हा रकाना छात्राध्यापक घरी बसून भरतो. मुलाचं पूर्वज्ञान, आणि मुलाला न विचारता.

दुसरी गोष्ट, सूक्ष्म पाठ. सहा मिनिटं शिकवणं, सहा प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा. छत्तीस मिनिटांचं ते चक्र पोरांना नाटकी वाटतं, समोर मित्रच विद्यार्थी बनून बसलेले. पण प्रश्न विचारून थांबायला मी तिथेच शिकवायचो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७४ मध्ये मांडलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. मी छात्राध्यापकांना सांगायचो, प्रश्न टाकल्यावर खडू टेबलावर ठेवा, मनात एक-दोन-तीन मोजा, मग बघा. पहिल्यांदा करणाऱ्याला ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात. घाम फुटतो.

संत्राबाग, चौदाव्या मिनिटाच्या हेतुकथनावर मीही शेरा मारला असता. आज मारणार नाही.

सुतळी

छोटासाच अनुभव. भूगोल, महाराष्ट्रातल्या नद्या. वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे हे मला पाठाच्या आदल्या दिवशी कळलं. नकाशा हेच माझं एकमेव साधन. रात्री फेव्हिकॉलनं नकाशावर सुतळी चिकटवली : गोदावरी जाड, भीमा बारीक, सह्याद्रीला वाळू. तिच्यासाठी म्हणून केलं. वर्गात तिनं बोट फिरवून सांगितलं, "गोदावरी वाळूच्या एवढी जवळून निघते आणि तरी उलटीकडे जाते?" डोळस मुलांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मग सगळ्यांनाच डोळे मिटून नद्या बघायच्या होत्या. नकाशा दोन तासांत फाटला.

पाठ क्रमांक सात

मी आत्ता बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सहावीला क्षेत्रफळाचा पाठ आहे. अध्यापक कृती लिहून झाली. शेजारचा रकाना हा धागा वाचल्यापासून रिकामा ठेवलाय. काय लिहू?

चतकोर

@पाठ क्रमांक सात, वर्गातली तीन मुलं डोळ्यासमोर आण. एक पटकन सांगणारं, एक गप्प, एक उपद्व्यापी. तुझ्या मुख्य प्रश्नाला प्रत्येक जण काय उत्तर देईल ते लिही. बरोबर उत्तर एकाचंच असू दे. मग उरलेल्या दोघांसाठी तू काय करणार ते डावीकडे लिही. आणि हो, मुख्य प्रश्न काय आहे?

पाठ क्रमांक सात

'परिमिती तेवढीच ठेवली तर क्षेत्रफळही तेवढंच राहील का?' प्रत्येक जोडीला गाठ मारून २४ सेंमी घेराची दोऱ्याची कडी आणि आलेख कागद देणार आहे. दोघं मिळून चार बोटांत धरून आयत करतील.

खडूवाली

झाला का पाठ? लिहा की इथे.

पाठ क्रमांक सात

झाला. वहीत लिहिलेली दोन चुकीची उत्तरं आली, जवळपास शब्दशः. 'दोरा तोच तर जागा तीच' असं अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला. मग ११ बाय १ चा लांबुळका आयत केला, ११ चौकोन. १० बाय २ चे २०. ६ बाय ६ चे ३६. एका जोडीनं तीनदा मोजले, त्यांना कागदच खोटा वाटत होता.

तिसरं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. गप्प म्हणून जिचं नाव लिहिलं होतं तिनं विचारलं, "मॅडम, कोपरे केलेच नाहीत तर?" आणि कडी गोल करून कागदावर ठेवली. वर्तुळाचं क्षेत्रफळ सहावीला नाही. मी सूत्र सांगायला तोंड उघडलं, मग खडू टेबलावर ठेवला. त्यांनी पूर्ण चौकोन मोजले, अर्धेमुर्धे जोडून जोडून घेतले. काही जोड्यांचे ४४ आले, काहींचे ४६, आणि ते भांडत असतानाच घंटा झाली. संकलन (शेवटची उजळणी) राहिलं, गृहपाठ द्यायचाही राहिला.