डायनासोरांची कालपट्टी ठशांपासून सुरू करावी की हाडांपासून?

कुशावतीकाठ: आमच्या फोंड्यातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं डायनासोरांची कालपट्टी करताहेत. पहिला मान पोलंडच्या ठशांना द्यावा, असं माझं ठाम मत आहे. होली क्रॉस डोंगरात स्त्रिचोविचे इथे सापडलेले प्रोरोटोडॅक्टिलस नावाचे ठसे जेमतेम काही सेंटीमीटरचे. प्राणी मांजराएवढा, चार पायांवर चालणारा. मधली तीन बोटं लांब आणि जवळपास समांतर, कडेची आखूड. २०१० साली निएद्झ्विएद्झ्की, ब्रुसाटी आणि बटलर या अभ्यासकांनी ते डायनासोरांच्या नातलगांचे ठरवले. वय सुमारे २५ कोटी वर्षं, म्हणजे पर्मियन कालखंडाच्या अखेरीस बहुतेक जीवजाती नष्ट झाल्या, त्या महासंहारानंतर लगेचचं. अर्जेंटिनातल्या ईओराप्टर, हेरेरासॉरस या आरंभीच्या डायनासोरांची हाडं सुमारे २३ कोटी वर्षांची. मधली दोनेक कोटी वर्षं मुलांना कोरी का दाखवायची?

डिचोलीकर: कोरी आहेत म्हणून काहीही भरायचं नाही, बाय. ठशात फक्त तळवा दिसतो. कवटी, कंबरेचं हाड, घोटा, काहीच नाही. केव्हिन पॅडियनसारख्या अभ्यासकांनी या ओळखीवर शंका घेतली आहेच. आणि २०१७ साली टांझानियाचा टेलिओक्रेटर हा प्राचीन सरपटणारा प्राणी जाहीर झाला. तो पक्षी आणि डायनासोर यांच्याच शाखेतला, तरी घोटा मगरीसारखा! म्हणजे या शाखेतले आरंभीचे प्राणी आपल्याला वाटतात तसे नव्हतेच. मग नुसत्या बोटांवरून नातं कसं जोडणार?

मांडवीपार: आपल्या गोव्यात असे ठसे मिळतील का? उसगाळीमळच्या कातळावर एवढी चित्रं आहेत!

डिचोलीकर: ती माणसांनी कोरलेली. इथला बहुतेक खडक डायनासोरांहून कितीतरी जुना, वरचा जांभा अलीकडचा. त्या काळातले गाळाचे थर हवेत, तर तेलंगणातल्या मालेरीकडे जा.

कुशावतीकाठ: टेलिओक्रेटरने घोट्याबद्दलचा समज मोडला, ठशांबद्दलचा नाही. कायरोथेरियम आठवा. जर्मनीतल्या हाताच्या पंजासारख्या त्या ठशांना १८३५ साली नाव मिळालं, तेव्हा हाड एकही नव्हतं. १९२५ साली झ्योर्गेलने निव्वळ ठशांवरून तो प्राणी मगरींच्या गोतातला असल्याचं मांडलं, आणि १९६५ साली टिसिनोसुकसचा सांगाडा तसाच निघाला. चाळीस वर्षं आधी! नीट वाचलेला ठसा हाडाच्या पुढे जातो, याहून मोठा दाखला कुठला हवा?

डिचोलीकर: झ्योर्गेलच्या आधीची नव्वद वर्षंही सांगा की. त्याच ठशांना कुणी अस्वल म्हटलं, कुणी माकड, कुणी प्रचंड बेडूक. अंगठा समजलेलं बोट प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूचं पाचवं निघालं.

खाजनवाला: माझं शेत मानसाजवळ, म्हणजे खाजनाचं पाणी अडवणाऱ्या दाराजवळ आहे. एकच बगळा ओल्या गाळात चालला की बोटं पसरट उमटतात, घट्ट झालेल्या गाळात बारीक. म्हणून एकट्या ठशावर माझा भरवसा नाही. सलग माग असेल तर बोला.

कुशावतीकाठ: पोलंडमध्ये सलग मागच आहे, भाऊ. अरुंद रांग, मागचे पाय पुढच्या पायांच्या ठशांपलीकडे पडलेले. पाय फाकून सरपटणारा प्राणी असा चालत नाही. कडेचं बोट जिथे गाळ बदलला तरी आखूडच राहतं, तिथे हा पायाचाच घाट मानायला हवा.

डिचोलीकर: ताठ चाल मान्य. पण ताठ चालणारे काही एकट्या डायनासोरांच्या घरातले नव्हते. मगरींच्या बाजूलाही होते. कालपट्टीवर ठसे लावा, पण तुटक रेघेने.

कुशावतीकाठ: तुटक रेघ चालेल. जागा मात्र पहिलीच.